टकलं बेट

ग्रीतच्या बापाची गावात पावाची भट्टी होती. त्यामुळे सीमशी लग्न करून ती तळ्याकाठच्या घरात आली तेव्हा लायलॅकबद्दल तिला एवढंच ठाऊक होतं, की ही फुलं नाताळाच्या सुमारास पेट्या भरभरून गावाबाहेर जातात. एरवी जगात लायलॅक मे महिन्यात फुलतो. त्यांच्या गावात, आल्समेरमध्ये, त्याला हिवाळ्यात फुलायला लावतात.

सीमच्या घरची तीन बेटं होती, तळ्यात, लव्हाळ्यांच्या आड. बेटं कसली, लांबट काळे पट्टे. एका टोकाहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला सहज ऐकू जावी एवढे. त्यांवर रांगांनी झुडपं. झुडपानं दोन उन्हाळे बेटावर काढायचे, मग शरदात ते मुळांच्या गड्ड्यासकट उपसून सपाट बुडाच्या पडावात घालायचं, पाण्यावरून घरामागच्या काचघरात आणायचं, बॉयलर पेटवायचा आणि वसंत आलाय असं त्याला भासवायचं. तीन आठवड्यांत फुलं. फुलं कापून झाली की झुडपाची खरड छाटणी आणि उरलेले बुंधे परत बेटावर. हे सगळं पुरुषांचं काम. बायकांनी काचघराला लागून असलेल्या खोलीत लांब टेबलाशी उभं राहायचं, पानं काढायची, दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या, कागदात गुंडाळायच्या. ग्रीतनं आठ वर्षं जुड्या बांधल्या. बेटावर ती उन्हाळ्यात दोन-तीनदा जाई, सीमसाठी पाव आणि चीज घेऊन, आणि मुलगी मीप झाल्यावर तिला पाण्यात पाय सोडून बसायला आवडे म्हणून.

सासरा क्रेलिस कमी बोलणारा. गावातले बाकीचे लोक रानटी खुंटावर कलमं बांधत. क्रेलिसचा कलमांवर विश्वास नव्हता. कलमाच्या झाडाला खालून मुनवा, म्हणजे बुडातून नवा कोंब, फुटला तर तो खुंटाचा असतो, जांभळा, फुसका. खालून कोण डोकं वर काढेल याचा भरवसा नाही, असं तो म्हणे. त्याच्याकडे बापाच्या वेळची पांढऱ्या लायलॅकची जात होती, स्वतःच्या मुळांवर वाढलेली. तिला बुडातून जे मुनवे येत ते तिचेच. ते सोडवून दुसरीकडे लावायचे, पाच वर्षं सांभाळायचे, मग काचघरात न्यायचे. लोक म्हणत, कलमाला निम्मा वेळ लागतो. क्रेलिस म्हणे, मला कुठे जायचंय.

एकसष्ट सालच्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी दुपारी, सीम चाळीस झुडपं पडावात घालून मागच्या बेटावरून निघाला. क्रेलिस राहिलेली झुडपं खणत बेटावरच थांबला. मधल्या उघड्या पाण्यावर वारा उठला होता. पडाव काठोकाठ भरलेला. एका बाजूनं पाणी आत आलं, गड्डे घसरले आणि सगळंच कलंडलं. तिथे पाणी पुरुषभरही नाही, पण खाली कंबरभर गाळ आहे, आणि सीमच्या पायांत मांड्यांपर्यंतचे रबरी बूट होते. शेजारच्या बेटाचा बार्त चार वाजता क्रेलिसला घ्यायला आला तेव्हा दोघांना पाण्यावर फांद्या दिसल्या. सीम दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला.

ग्रीतला हे सांगायला पाद्री आणि बार्तची बायको आली. ती तेव्हा मीपचा स्वेटर उसवत होती, बाह्या आखूड झाल्या होत्या म्हणून. तिनं ऐकून घेतलं. दोघांना कॉफी दिली, बरोबर एकेक बिस्कीट दिलं, डब्याचं झाकण लावलं. बार्तची बायको पुढे कित्येक वर्षं ते झाकण लावण्याबद्दल सांगत असे.

तळ्यात पडलेली चाळीस झुडपं क्रेलिसनं बार्तला सांगून आकड्यानं ओढून काढली. एकदा खणलेलं झुडूप तसंच ठेवून चालत नाही. ती काचघरात लागली, बॉयलर पेटला, आणि डिसेंबरात त्यांना फुलं आली. चांगली आली. घोस भरगच्च, पांढरेशुभ्र. ग्रीत टेबलाशी उभी राहून त्यांच्या जुड्या बांधत होती. ही तीच, हे तिला ठाऊक होतं. तिनं मनात शोधून पाहिलं, काही होतंय का. हात गार झाले होते एवढंच जाणवत होतं.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते तिला पुढे नीटसं आठवत नसे. कामं सगळी होत होती. मीप शाळेत वेळेवर जात होती, वाटाण्याच्या सूपात मीठ बरोबर पडत होतं. पाद्री दर पंधरवड्यानं येऊन विचारी, कसं काय, ती म्हणे, ठीक आहे, आणि ते खोटं नव्हतं. आपण रडत नाही याची तिला आधी लाज वाटली. मग लाज वाटायचीही थांबली. क्रेलिसही तसाच. सासरा-सून समोरासमोर जेवत, मीठ इकडून तिकडे सरकवत, आणि ज्याचं ताट पूर्वी तिसऱ्या बाजूला असे त्याचं नाव घरात निघत नसे. क्रेलिसच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला होता. वसंतातली कामं त्यानं दोन रोजाची माणसं लावून, बरीचशी हातांनी चाचपून उरकली. उन्हाळ्यात त्याचा गुडघा सुजला आणि तो खुर्चीला खिळला.

ऑगस्टमध्ये ग्रीत एकटी मागच्या बेटावर गेली, गवत काढायला. तिथली झुडपं येत्या हिवाळ्याची, दुसरा उन्हाळा पुरा होत आलेली. गवत काढून झालं. घरी जायचं तिच्या मनात नव्हतं. बेटावर थांबायचंही नव्हतं. बेटावरच्या खोपटात सीमची कात्री खिळ्याला टांगलेली होती. झुडपं तिला अस्ताव्यस्त दिसली. लायलॅक छाटतात, एवढं तिला माहीत होतं. दर वसंतात छाटलेले बुंधे पडावातून जाताना ती बघतच आली होती. तिनं कात्री घेतली आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली.

तीन दिवस ती छाटत होती. सकाळी मीपला बार्तच्या बायकोकडे सोडायची, होडी घ्यायची, बेटावर जायचं. प्रत्येक झुडपाचे शेंडे एका उंचीला आणायचे, कापलेल्या फांद्या रांगेच्या शेवटी ढीग करून ठेवायच्या, पानं एका बाजूला. कात्रीचा आवाज तिला बरा वाटत होता. त्या वर्षातलं तिला बरं वाटलेलं ते एकच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आधी सगळं संपेल असा तिचा अंदाज होता.

दुपारी बार्त होडीतून क्रेलिसला घेऊन आला. गुडघ्याची सूज उतरली होती आणि सून रोज कुठे जाते ते त्याला बघायचं होतं. बार्त हा आल्समेरातला सगळ्यात बडबड्या माणूस. लव्हाळ्यांच्या वळणापर्यंत त्याचं बोलणं तिला ऐकू येत होतं, कुणाच्या तरी बोक्याची गोष्ट होती. वळण पार झालं आणि गोष्ट मध्येच थांबली.

क्रेलिस किनाऱ्यावर उतरला. पहिल्या झुडपापाशी गेला, दोन्ही हातांनी खालून वर चाचपत शेंड्यापर्यंत आला. मग दुसऱ्या. मग रांगेतली चार-पाच झुडपं सोडून पुढच्या. ग्रीत कात्री घेऊन उभी होती.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"परवापासून."

"किती राहिलीत?"

तिनं वळून बघितलं. "चार."

"बरं," क्रेलिस म्हणाला. "ती चार राहू देत."

तो त्या चारांपैकी एकाशी गेला, तिला जवळ बोलावलं, तिचा अंगठा धरला आणि फांदीच्या शेंड्यावर ठेवला. तिथे दोन डोळे होते, जोडीनं, टपोरे, घट्ट मिटलेले.

"लागलं हाताला?"

"हो."

"यात नाताळचं फूल आहे. आत्ताच आहे, पूर्ण बनलेलं. लायलॅक पुढचं फूल उन्हाळ्यातच करून ठेवतो. म्हणून छाटायचं ते फुलं झाल्यावर, लगेच. नंतर हात लावायचा नाही."

ग्रीतनं रांगेच्या टोकाच्या ढिगांकडे पाहिलं. नीट रचलेले होते. तीनशे झुडपांचा नाताळ तिथे पडला होता. आपण काय केलं ते तिला लख्ख समजलं, आणि समजून काही झालं नाही. आपल्याला आता मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं, असं तिला वाटलं, जसं एखाद्याला वाटावं की दार बंद करायला हवं होतं.

"मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"नाही सांगितलं," क्रेलिस म्हणाला. "आठ वर्षं घरात होतीस. सांगायला हवं होतं."

परतताना तिघांपैकी कुणी बोललं नाही. बार्तसुद्धा.

पण बार्तचं मौन फार टिकणारं नव्हतं. रविवारी चर्चनंतरच्या कॉफीपर्यंत गावभर झालं. मागच्या बेटाला लोक टकलं बेट म्हणायला लागले. सप्टेंबर उबदार निघाला, छाटलेल्या फांद्यांना कोवळी पालवी फुटली, ऑक्टोबरच्या पहिल्या थंडीत ती काळी पडली आणि टकलं बेट तळ्यावरून लांबून ओळखू येऊ लागलं. बार्त भर रस्त्यात टोपी काढून तिला विचारी, "ग्रीत, मागून थोडे कमी करायचेत, कधी येऊ?" ग्रीत म्हणे, "ऑगस्टमध्ये ये." एवढं ती कोरड्या चेहऱ्यानं म्हणे की बार्तला हसावं की नाही ते कळत नसे.

तो हिवाळा काचघर निम्मं रिकामं राहिलं. बेटांपैकी एक तेवढं त्यांनी सोडलं, उरलेल्या दोन बेटांवर भागवायचं ठरलं. मार्चमध्ये एका सकाळी क्रेलिसनं कात्री टेबलावर ग्रीतसमोर ठेवली. हात मोकळे आहेत तर शिकून घे, म्हणाला. माझे डोळे पुढच्या वर्षापर्यंत काही दाखवतील असं दिसत नाही.

त्यांनी मुनव्यांपासून सुरुवात केली. बुडापासून वीतभर लांब आलेला मुनवा चांगला, त्याला स्वतःच्या तंतुमुळ्या असतात. बुडाला चिकटून आलेला नुसता आईच्या जिवावर जगतो, तो ओढून उपटायचा. उपटायचा, कापायचा नाही. कापला तर एकाचे तीन होतात. निवडलेला मुनवा कुदळीच्या एका घावानं आईपासून तोडायचा, माती न झटकता ओल्या गोणपाटात गुंडाळायचा, त्याच दिवशी लावायचा. टकल्या बेटाची एक बाजू तळ्यानं खाल्ली होती. बार्तनं लांब दांड्याच्या जाळीनं तळातला गाळ उपसून तिथे चढवून दिला; गंमत करता करता त्यानं आठवडाभर ते काम केलं आणि त्याबद्दल आभाराचं काही ऐकून घेतलं नाही. त्या काळ्या गाळात दोघांनी दोनशे दहा मुनवे लावले. लावून झाल्यावर क्रेलिसनं सांगितलं, आता सगळे मुठीएवढे ठेवून वरून काप.

ग्रीत थांबली. "सगळे?"

"सगळे. आता डोळ्यांत फूल नाही, मुळं धरायचीत. वर पानं कमी, तेवढं खाली बरं."

तिनं कापले. क्रेलिस मागून येऊन प्रत्येक कापावरून अंगठा फिरवत होता. एकाशी थबकला. "ही कात्री आहे की दात? धार लाव. चावलेल्या जागेतून पाणी आत जातं."

या लावणीच्या शेवटच्या दिवशीची गोष्ट. दोघं गुडघ्यांवर बसून दोन बाजूंनी माती दाबत येत होते. ग्रीतनं विचारलं, "बाबा, तुम्हाला काही वाटतं का?"

"कशाचं?"

"सीमचं."

क्रेलिस माती दाबत राहिला. "वाटायला हवं ते सगळं होतं," तो म्हणाला. "कुठे गेलं काय माहीत. तुला?"

"मलाही नाही."

"हं," क्रेलिस म्हणाला. त्यांनी उरलेली रांग पुरी केली आणि धुरावलेली वाम मासळी आणि पाव खाऊन घरी आले.

पुढच्या वर्षी मुनव्यांना झाडूसारखे फुटवे आले. त्यांतले सरळ, जाड, एकमेकांपासून लांब असे चार ठेवायचे, बाकीचे मुळाशी काढायचे. त्याच्या पुढच्या वर्षी आत वळणाऱ्या फांद्या काढायच्या. छाटलेल्या तीनशे झुडपांनाही सावरायला दोन वर्षं लागली. ती वरून दाट आणि खालून उघडी झाली होती, ती करवतीनं पुन्हा बुडाशी आणावी लागली. ग्रीतला कामाची सवय झाली, मग हात बसला. क्रेलिस आता होडीत किंवा खोपटाशी खुर्चीवर बसून असे आणि कात्रीच्या आवाजावरून सांगे, "जाड कापलीस. ती कशाला कापलीस?" ती कारण सांगे. बरेचदा तो म्हणे, बरं. पाच वर्षांची मीप तिथे पाण्यात पाय सोडून बसायची. आता आठ-नऊ वर्षांची मीप होडी वल्हवायला शिकली होती आणि शाळेतल्या गोष्टी आजोबांना सांगायची. आईला सांगायचं तिनं केव्हाच सोडलं होतं. ग्रीतच्या ते लक्षात आलं होतं. लक्षात येणं आणि त्याचं काही करणं यांत तेव्हा तिच्यासाठी फार मोठं अंतर होतं.

सहासष्टच्या मे महिन्यात, ज्या झुडपांना त्या हिवाळ्यात विसावा म्हणून काचघरात नेलं नव्हतं ती बेटावर आपल्या वेळेला फुलली होती. शहरातून लोक शिडाच्या होड्या घेऊन येतात त्या दिवसांत. ग्रीत आणि क्रेलिस बेटाशी आले तर एक होडी किनाऱ्याला लावलेली आणि हॅट घातलेला एक गृहस्थ फांद्या मोडून बायकोच्या हातात देत होता. कापत नव्हता, मोडत होता, खाली साल सोलली जात होती. बाईच्या हातांत हा एवढा भारा.

ग्रीत होडीतून उतरली आणि बोलायला लागली. आधी हळू. गृहस्थ म्हणाला, बाई, एवढी आहेत, दोन-चार फांद्यांनी काय होतंय. मग तिचा आवाज चढला. चढला तो उतरेचना. फांदी कशी मोडू नये इथपासून सुरू झालं आणि माणसानं दुसऱ्याच्या दारात पाय ठेवताना विचारावं इथपर्यंत गेलं. त्याच्या हॅटबद्दलही काही बोलली. ती जोडी होडी ढकलून निघाली तरी ती पाण्याकडे तोंड करून बोलतच होती. मग थांबली.

"मला राग आला," ती क्रेलिसला म्हणाली. तिला नवल वाटत होतं.

"ऐकलं," क्रेलिस म्हणाला. "पलीकडच्या गावातही ऐकलं असेल."

पण राग त्या जोडीबरोबर गेला नाही. आठवडाभर तो घरात फिरत राहिला, कपबशांवर निघाला, मीपच्या चिखलाच्या बुटांवर निघाला, आणि शेवटी जिथे निघायचा तिथे निघाला. रविवारी दुपारी ती क्रेलिसला म्हणाली, "चाळीस झुडपं का भरली त्यानं? वारा दिसत नव्हता त्याला? दोन खेपा केल्या असत्या. घरात मूल आहे एवढं तरी डोक्यात यायला नको?"

क्रेलिसनं कॉफीचा कप चाचपून बशीत ठेवला. "मी सांगितलं," तो म्हणाला.

"काय सांगितलं?"

"तो वीस नेतो म्हणत होता. मी म्हटलं, वारा वाढतोय, एकदाच घेऊन जा सगळी. त्यानं ऐकलं."

"पाच वर्षं झाली," ग्रीत म्हणाली.

"तू विचारलं नाहीस. आणि मला बोलवेना."

ती उठली, तिनं कप उचलले, धुतले. त्या दिवसापासून ती सासऱ्याशी बोलली नाही. त्याला वेळेवर जेवण दिलं, होडीत चढताना कोपराला धरलं, त्याचे शर्ट इस्त्री केले, फक्त बोलली नाही. मीपच्या तोंडून निरोप जात. आजोबांना सांग सूप गरम आहे. आईला सांग कळलं. रागही दोन-तीन आठवड्यांत विझला आणि पूर्वीचं ते काहीच नसणं परत आलं. पण बोलणं बंद राहिलं, कारण ते परत सुरू कुठून करायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. मे गेला, जून गेला. जूनअखेर विसाव्याच्या झुडपांची फुलं झडली आणि छाटणी आली. क्रेलिसला घरी बसवेना. तोही एक कात्री घेऊन रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसायचा आणि हाताला लागतील ती सुकलेली बोंडं काढायचा. बोटंही आता त्याला दगा देत होती. शेंडे बधिर झाले होते.

एका सकाळी ग्रीत रांग संपवत त्याच्यापर्यंत आली. तो एक फांदी धरून बसला होता, किती वेळ कोण जाणे. अंगठा तिच्यावर फिरवत होता, परत फिरवत होता.

"कळत नाहीये," तो म्हणाला. "ही ठेवू की काढू?"

ग्रीतनं पाहिलं. आत वळलेली होती, दुसरीला घासत होती.

"काढा," ती म्हणाली.

त्यानं कात्री लावली. ती चुकीच्या जागी होती. तिनं त्याचा हात धरून दोन बोटं खाली आणला. त्या चाळीस झुडपांचा विषय दोघांत पुन्हा कधी निघाला नाही. संध्याकाळी तिनं विचारलं, सूप गरम करू का, आणि तो म्हणाला, कर. मीपनं दोघांकडे पाहिलं आणि आपली वही घेऊन बाहेर निघून गेली.

सदुसष्टच्या हिवाळ्यात गाळातले ते मुनवे पहिल्यांदा काचघरात आले. दोनशे दहांतले एकशे ब्याण्णव जगले होते. क्रेलिसनं घोसात नाक खुपसून वास घेतला आणि बापाच्या वेळचीच आहे, म्हणाला. गावानं बेटाचं नाव काही बदललं नाही. आजही त्याला टकलं बेटच म्हणतात, तिथे कितीही फुलो. क्रेलिस एकाहत्तरच्या मार्चमध्ये गेला, काचघरातली शेवटची फुलं निघत असताना, झोपेत. त्या आठवड्यातही फुलं कापावी लागली. या वेळी ग्रीतला वाईट वाटलं. फार नाही, पण वाटलं, आणि ते वाटतंय हे तिला कापता कापता कळत होतं.

तिनं पुन्हा लग्न केलं नाही. बार्तच्या बायकोच्या मागे बार्तनं एकदा विचारलं होतं, टोपी काढून, आणि कधी नव्हे ते गंमत न करता. तिनं नाही म्हटलं आणि त्याला पावाचा दुसरा तुकडा वाढला. ती लायलॅक करत राहिली. बेटांवर बाई पडाव चालवते याचं नवल दहा वर्षांत संपलं. नवीन लोक छाटणी विचारायला येत; ती कमी शब्दांत सांगे, आणि ऑगस्टबद्दल स्वतःच सांगे, न लाजता.

मीप नर्स झाली, उत्तरेला गेली, तिथेच लग्न केलं. वर्षातून दोनदा यायची. चाळिशीत तिनं घर घेतलं, मागे थोडी जमीन होती, आणि त्या मार्चमध्ये ती मुनवे मागायला आली. ग्रीत तेव्हा चौसष्ट वर्षांची. दोघी बेटावर गेल्या. ग्रीतनं तीन मुनवे निवडले, कुदळीनं तोडले. मीप गोणपाट भिजवत होती.

"बाबा गेले त्या वर्षी," मीप म्हणाली, "तू रोज सकाळी माझी वेणी घालायचीस. एक शब्द बोलायची नाहीस. इतकी घट्ट घालायचीस की शाळेत डोकं दुखायचं."

ग्रीतनं मान वर केली. "मग सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू सैल घातली असतीस. किंवा बार्तकाकूला घालायला सांगितली असतीस." मीपनं गोणपाट पिळलं. "दिवसात तेवढाच तुझा हात लागायचा."

ग्रीत मुनव्याच्या मुळांभोवतीची माती हातानं दाबत राहिली. जे खरं होतं ते म्हणावं, असं तिला वाटलं.

"मला तेव्हा हाताला काही लागत नव्हतं," ती म्हणाली. "तूसुद्धा नाही."

"माहीत आहे," मीप म्हणाली.

तिनं गोणपाट पुढे केलं. ग्रीतनं तिन्ही मुनवे त्यात ठेवले, गुंडाळले, सुतळीनं बांधले. तुमच्याकडे माती चिकट आहे, ती सांगत होती, खड्ड्यात वाळू घाल, लावलेस की मुठीएवढे ठेवून काप, घाबरू नकोस. तीन वर्षं फुलं येणार नाहीत. चौथ्या वर्षी येतील, तेव्हा मी येईन बघायला.

"त्याआधी ये," मीप म्हणाली.

ग्रीतनं सुतळीची गाठ दोनदा ओढून पाहिली. "मे महिन्यात?" तिनं विचारलं. "मेमध्ये मला थोडा वेळ असतो."

"मेमध्ये ये," मीप म्हणाली आणि होडी सोडायला गेली.